नस, स्नायू आणि मधली फट

पोटरीत गोळा आला की आपण म्हणतो, नसेवर नस चढली. कंबरेपासून पायापर्यंत मुंग्या आल्या की नस दबलेली असते. आणि सलाईन लावताना सिस्टरला नस सापडत नाही. पहिली नस म्हणजे स्नायू, दुसरी मज्जातंतू, तिसरी रक्तवाहिनी. रोजच्या बोलण्यात याने काही अडत नाही. पण एखादं औषध स्नायू आखडवतं की सैल करतं, आणि ते नेमकं कुठे बसून, हे समजून घ्यायला गेलं की या एका शब्दापाशीच गाडी अडते.

'स्नायू' हा शब्दही सरळ नाही. सुश्रुतसंहितेत स्नायू ९०० आणि पेशी ५०० अशी वेगवेगळी मोजदाद आहे. फळ्यांची नाव दोरांनी आवळून बांधली की पाण्यात भार पेलते, तसे सांधे स्नायूंनी बांधलेले असल्यामुळे माणूस भार पेलतो, असा तिथला दृष्टान्त. म्हणजे तो स्नायू हाडं बांधणारा दोर आणि पेशी म्हणजे मांस. मराठीने पुढे स्नायू हा शब्द मांसाला दिला आणि पेशी हा शब्द 'सेल'ला. हिंदीत आणि बंगालीत तोच स्नायू मज्जातंतूकडे गेला. हिंदी पत्रकातला 'स्नायु' मराठी वाचक मसल समजून वाचतो आणि दुखणं भलत्याच जागी जातं. ग्रीकांचंही असंच झालं होतं; त्यांच्या 'न्यूरॉन'चा मूळ अर्थ कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारा दोर.

त्यात आपल्या पाठ्यपुस्तकांनी मज्जातंतू सोडून 'चेता' धरला. मज्जा म्हणजे हाडाच्या पोकळीतला मगज, तिचा विजेसारख्या धावणाऱ्या संदेशाशी काय संबंध, हा आक्षेप व्युत्पत्तीच्या दृष्टीने बरोबरच होता. तरी माझ्या मते हा बदल महागात पडला. रुळलेला शब्द मोडला आणि नवा शाळेबाहेर पडलाच नाही. आजोबांच्या तोंडी मज्जातंतू, नातवाच्या वहीत चेतातंतू, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नर्व्ह, आणि घरात तिघांनाही कळणारा शब्द पुन्हा 'नस'च. इथे मी मज्जातंतूच लिहिणार आहे.

विजेने बेडकाची तंगडी झटकते हे १७९१ मध्ये बोलोन्यातून छापून आलं, ते सगळ्यांना ठाऊक असतं. त्याहून मोलाचा प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला पॅरिसमध्ये झाला. दक्षिण अमेरिकेत शिकारी बाणाच्या टोकाला क्युरारे नावाचं विष लावत. एका फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाने बेडकाच्या एका पायाचा रक्तपुरवठा दोऱ्याने आवळला, त्या पायाचा मज्जातंतू मात्र मोकळा ठेवला आणि बेडकाला क्युरारे दिलं. सगळं अंग लुळं पडलं, पण विष न पोचलेला तो पाय हलत राहिला. लुळ्या पायाच्या मज्जातंतूला विजेचा झटका दिला तर काहीच होईना; तोच झटका थेट स्नायूला दिला की तो आकसे. मज्जातंतू शाबूत, स्नायूही शाबूत. मग विष बसलं कुठे? दोघांच्या मधल्या जागेत.

ही फट साधारण ५० नॅनोमीटरची. ती ओलांडते ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन, हे पक्कं व्हायला १९३६ उजाडलं. त्याआधी १९१४ मध्ये लंडनमध्ये एक भेद नोंदला गेला होता आणि आजही वॉर्डात माणूस जगतो-मरतो तो त्याच्यावर. ॲसिटिलकोलीन दोन तऱ्हांनी काम करतं: लाळ, आतडी, हृदय यांच्यावर एका विषारी अळंबीतल्या द्रव्यासारखं, तर हातापायांच्या स्नायूंवर तंबाखूतल्या निकोटिनसारखं. ॲट्रोपिन हे औषध पहिलं काम थांबवतं. दुसऱ्याला हात लावत नाही.

आमच्या पिढीने हे प्रयोगशाळेत डोळ्यांनी पाहिलं. धुरावर काळा केलेला कागद फिरत्या ड्रमवर चढवायचा, बेडकाच्या पोटाचा उभा स्नायू रिंगरच्या क्षारद्रावणात टांगायचा, दोऱ्याचं टोक तरफेला. ॲसिटिलकोलीनचे थेंब पडले की तरफ सावकाश वर चढे आणि काजळीत पांढरी रेघ उमटे. क्युरारेच्या जातीचं औषध घातलं की त्याच थेंबांनी रेघ बुटकी. भातखाचरांतले बेडूक या कामासाठी आणि परदेशी ताटांसाठी पोत्यांनी पकडले जात. तंगड्यांची निर्यात १९८७ मध्ये बंद झाली, पुढे अभ्यासक्रमातूनही बेडूक गेला आणि पडद्यावरची नक्कल आली. ते योग्यच झालं, असं मी मनापासून मानतो.

क्युरारे ऑपरेशन थिएटरात आलं १९४२ मध्ये, मॉन्ट्रियलला. तेव्हापासून 'मसल रिलॅक्सन्ट' हे नाव चिकटलं आणि आणखी एक घोळ झाला. कंबरदुखीला मिळणारी गोळीही मसल रिलॅक्सन्टच. ती मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जूत काम करते. भूलतज्ज्ञाचं औषध फटीत काम करतं आणि श्वासाचे स्नायूही थांबवतं. त्यातलं स्कोलिन तर ॲसिटिलकोलीनचंच सोंग घेऊन येतं: आधी अंगभर स्नायू फुरफुरतात, मग सारं सैल पडतं. आकुंचनाचा हुकूमच मागे घेतला गेला नाही, की स्नायू पुढचा हुकूम ऐकत नाही.

फवारणीच्या विषबाधेत हेच घडतं. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकं ॲसिटिलकोलीन मोडणाऱ्या विकराला (एन्झाइमला) निकामी करतात आणि फटीत ते साचत जातं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेतकरी दगावले, तेव्हा हा विषय बातम्यांत आला. ग्रामीण रुग्णालयांत तो कित्येक वर्षं होताच. ॲट्रोपिनने तोंडाचा फेस थांबतो, छाती मोकळी होते, नातेवाईक सुटकेचा श्वास टाकतात. आणि एक ते चार दिवसांत कधीतरी रुग्णाला उशीवरून मान उचलता येत नाही. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये या टप्प्याचं नीट वर्णन केलं. १९१४ चा भेद इथे खाटेवर दिसतो: ॲट्रोपिनने पहिलं काम आवरलं, स्नायूंवरचं दुसरं तसंच राहिलं. म्हणून राउंडला 'बरं वाटतंय का' एवढंच विचारून चालत नाही, मान उचलायला सांगावी लागते.

सर्पदंशात तीच फट दोन बाजूंनी बिघडते. नागाचं विष क्युरारेसारखं स्नायूच्या बाजूला बसतं. निओस्टिग्मिन या औषधाने ॲसिटिलकोलीन वाढवलं की मिटलेली पापणी वर उचलली जाताना दिसू शकते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दंश धड दुखतही नाही, आणि पहाटे डोळे उघडेनासे होतात. तिचं विष मज्जातंतूची टोकंच नासवतं, त्यामुळे निओस्टिग्मिनचा सहसा उपयोग होत नाही. टोकं नव्याने भरून यायला दिवस लागतात आणि तोवर श्वास यंत्रावर चालवावा लागतो.