गोव्याचं लोखंड कोणत्या ग्रुपमधलं?

डिचोलीच्या खाणीतलं लोह कोणत्या ग्रुपमधलं, असं अकरावीतल्या मुलीला विचारलं तर आवर्तसारणी आठवून ती म्हणेल, आठव्या. भूशास्त्र शिकणारा तिचा भाऊ म्हणेल, गोवा ग्रुपमधलं. दोघंही बरोबर. आपली मुलं पाचवीपासून विज्ञान इंग्रजीतून शिकतात, त्यामुळे प्रत्येक तासाला 'ग्रुप' हाच शब्द कानावर पडतो. तो कोणत्या अटीवर जमला, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं.

गोवा ग्रुप हे भूशास्त्रातलं रीतसर नाव आहे. नकाशावर वेगळा दाखवता येईल असा खडकांचा संच म्हणजे फॉर्मेशन. एकमेकांशी संबंध असलेली, लागून असलेली फॉर्मेशन्स मिळून ग्रुप होतो, आणि असे ग्रुप मिळून सुपरग्रुप. आपला ग्रुप धारवाड सुपरग्रुपमध्ये मोडतो. त्यातली फॉर्मेशन्स खालून वर मोजली तर बार्से, सावर्डे, डिचोली, वाघेरी. आपलीच गावं, आपलेच डोंगर! बार्से फॉर्मेशनमध्ये प्राचीन ज्वालामुखींचा लाव्हा आहे, सावर्डेत मुख्यतः गाळाचे खडक, तर डिचोलीत लोह आणि मँगनीज. हे खडक साधारण अडीच अब्ज वर्षांपूर्वीचे. लाव्हा आणि गाळ एका ग्रुपमध्ये बसतात, कारण इथे घटकांच्या सारखेपणाची अट नाही. ते कोणत्या क्रमाने साचले, हे महत्त्वाचं.

रसायनशास्त्राची अट अगदी वेगळी. आवर्तसारणीत १८ ग्रुप आहेत, आणि ते अणूच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांच्या रचनेवर ठरतात. म्हणून डोंगरात एकत्र सापडणारं मँगनीज सारणीत सातव्या ग्रुपमध्ये जातं आणि लोह आठव्या. आगरवाड्याच्या मिठातलं सोडियम पहिल्या ग्रुपमधलं, क्लोरीन सतराव्या. त्याच विषयात पुढे फंक्शनल ग्रुपही येतो. फेणीतल्या इथेनॉलला अल्कोहोल बनवणारी ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, तो असा ग्रुप. म्हणजे इथे ग्रुप हा रेणूचा नुसता एक भाग.

रक्ताच्या बाबतीत चूक जिवावर बेतू शकते. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली दाखवलेले रक्तगट लाल पेशींच्या पृष्ठभागावरच्या प्रतिजनांवरून, म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा ओळखते अशा रेणूंवरून, ठरतात. ओ गटात ए नाही आणि बीही नाही. हा गट अभावावरूनच ओळखला जातो. पण त्याच्या पेशींवर एच नावाचा प्रतिजन असतो. १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत असं रक्त नोंदवलं, ज्यात एचसुद्धा नव्हता. हाच बॉम्बे रक्तगट. नेहमीच्या चाचणीत तो ओ वाटतो, पण अशा रुग्णाला ओ रक्त चढवलं तर ते घातक ठरू शकतं. पिशवी जोडण्यापूर्वी रक्तपेढी दोन्ही नमुने एकमेकांशी जुळवून पाहते, त्याचं हेही एक कारण.

गणितात नुसतं एकत्र येऊन भागत नाही. १८३२ साली विसाव्या वर्षी द्वंद्वयुद्धात मारला गेलेला फ्रेंच गणिती एव्हारिस्त गाल्वा याने समीकरणांच्या अभ्यासात हा शब्द वापरला. गणिती ग्रुपमध्ये एक क्रिया लागते, आणि ती उलटवताही यावी लागते. बेरजेच्या क्रियेखाली सगळे पूर्णांक ग्रुप होतात. फक्त धन संख्या घेतल्या तर नाही, कारण पाचात काय मिळवून शून्य करणार?

आणि जनुकशास्त्रातला लिंकेज ग्रुप. एकाच गुणसूत्रावरची जनुकं बहुधा जोडीने पुढच्या पिढीत उतरतात, म्हणून ती एका ग्रुपमधली. पण पिढी बदलताना गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते. दोन जनुकं जितकी दूर, तितकी त्यांची ताटातूट जास्त वेळा होते, म्हणून ताटातुटीवरून अंतर काढता येतं. मात्र एका ठिकाणी अदलाबदल झाली की शेजारी दुसरी होण्याची शक्यता घटते आणि हिशेब चुकतो. हा परिणाम धरून अंतर मोजण्याचं सूत्र १९४०च्या दशकात मांडलं ते दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी. १९०७ साली गोव्यात जन्मलेला हा माणूस मुळात गणिती. भाताचे लिंकेज ग्रुप १२, आपल्या खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतातल्या, कोरगुट भाताचेही तेवढेच, आणि त्यांचे नकाशे काढताना कोसंबींचं सूत्र आजही वापरतात.