फोल्डर हटत नाही, कारण कुणीतरी ते धरून बसलंय

विंडोजवर नको असलेलं फोल्डर डिलीट करायला जावं, तर निरोप येतो: यातली एखादी फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे. स्क्रीनवर तर काहीच उघडं दिसत नाही. मग वैतागून बरेच जण कुठलं तरी फुकटचं 'अनलॉकर' उतरवतात. फोल्डर जातंही, पण त्याच्या जागी भलतंच काही मशीनमध्ये शिरण्याची भीती असते. खरं तर कोण धरून बसलंय ते विंडोजलाच विचारता येतं.

कुठल्याही प्रोग्रॅमला फाइल हवी असली की तो ती विंडोजकडे मागतो आणि विंडोज त्याला तिचं एक 'हॅन्डल', म्हणजे ती वापरायचा जणू परवाना, देतं. मागतानाच प्रोग्रॅम सांगून ठेवतो, की माझं काम चालू असताना इतरांनी ती वाचली तर चालेल का, तिच्यात लिहिलं तर चालेल का, ती पुसली तर चालेल का. पुसायला मुभा दिलेली नसेल, तर ते हॅन्डल सुटेपर्यंत फाइल जागची हलत नाही आणि तिच्यापायी अख्खं फोल्डर अडकतं. लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमची रीत निराळी. तिथे फाइलचं नाव यादीतून लगेच जातं, मजकूर मात्र शेवटचा प्रोग्रॅम सोडेपर्यंत डिस्कवर राहतो. त्यामुळे सर्व्हर सांभाळणाऱ्यांना उलटाच ताप: नोंदींची अवाढव्य लॉग फाइल पुसली, तरी डिस्क भरलेलीच!

धरून बसणारे बहुधा पडद्यामागचे असतात: अँटिव्हायरस, क्लाउडवर फाइली चढवणारं सिंक, कधी फोल्डरं दाखवणाऱ्या खुद्द एक्सप्लोररचा प्रिव्ह्यू. फाइलच लागते असंही नाही. एखाद्या रिकाम्या फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट (हुकूम टाइप करायची खिडकी) उघडा आणि ते फोल्डर एक्सप्लोररमधून डिलीट करून बघा. जाणार नाही. कमांड प्रॉम्प्ट बंद केला की निमूट जातं.

शोधायचं कसं? स्टार्टमधून 'रिसोर्स मॉनिटर' उघडा, सीपीयू टॅबवर जा आणि 'असोसिएटेड हॅन्डल्स'च्या चौकटीत फोल्डरचं नाव टाका. धरणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव समोर येतं. ओळखीचा असेल तर तो रीतसर बंद करा. 'सिस्टिम' दिसलं तर त्याच्या वाटेला जाऊ नका, सरळ रिस्टार्ट मारा. रिस्टार्टने सगळी हॅन्डलं सुटतात, म्हणूनच तो उपाय इतका चालतो. मात्र शटडाउन करून पुन्हा चालू करणं म्हणजे रिस्टार्ट नव्हे. फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर विंडोज आपला गाभा आणि सर्व्हिसेस डिस्कवर जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी तिथूनच पुढे सुरू होतं.

काही फोल्डरं मात्र कुणी न धरताही हटत नाहीत. दोष त्यांच्या नावात असतो. विंडोजच्या आधीच्या, 1981 च्या डॉसमध्ये फोल्डर हा प्रकारच नव्हता. तेव्हा 'कॉन' (CON) म्हणजे कीबोर्ड-स्क्रीन, 'पीआरएन' (PRN) म्हणजे प्रिंटर, 'नल' (NUL) म्हणजे कचऱ्याचं तोंड, अशी नावं ठरली. 1983 मध्ये फोल्डर आले, पण जुने प्रोग्रॅम बंद पडू नयेत म्हणून ही नावं प्रत्येक फोल्डरमध्ये राखीव राहिली. लिनक्सच्या वळणाचं एखादं साधन चुकून 'नल' नावाची खरीच फाइल बनवतं आणि मग ती पुसताना विंडोज गोंधळू शकतं. नावाच्या शेवटी टिंब किंवा मोकळी जागा राहिली तरी तीच गत. विंडोज ती परस्पर छाटतं, उरलेल्या नावाचं काही शोधतं आणि म्हणतं, असं इथे काही नाहीच. दोन्हींवर औषध एकच. कमांड प्रॉम्प्टमध्ये फाइलला 'डेल' (del), रिकाम्या फोल्डरला 'आरडी' (rd) लिहून अवतरणचिन्हांत पूर्ण पत्ता द्यायचा, त्याच्या आधी \\?\ लावून. ही चार चिन्हं दिसली की विंडोज नावात ढवळाढवळ न करता ते जसंच्या तसं पुढे पाठवतं.

पत्ता 260 अक्षरांपलीकडे गेला तरी एक्सप्लोरर अडतो. वरच्या फोल्डरांना एकेक अक्षराचं नाव द्या, पत्ता आखूड होतो.

आणि निरोप 'ट्रस्टेड इन्स्टॉलरची परवानगी लागेल' असा असेल, तर ते विंडोजचं स्वतःचं सामान आहे. तिथे हात लावू नये हे बरं.