साथीचे रोग आणि एसटीचा फलाट : सातारा-सांगलीची सव्वाशे वर्षे

२०२० सालच्या ऑक्टोबरात सांगली विभागाचे एसटी चालक-वाहक मुंबईची ड्युटी संपवून घरी परतले. मुंबईत कामधंदे उघडले होते, पण लोकल अजून सगळ्यांसाठी सुरू नव्हती. बेस्टच्या थांब्यांवरच्या रांगा आवरेनात, म्हणून एसटीच्या एक हजार गाड्या मदतीला दिल्या गेल्या आणि गाड्यांबरोबर आगाराआगारांतली माणसंही गेली. राहण्या-जेवणाच्या सोयीबद्दल तक्रारी तेव्हाच सुरू झाल्या होत्या. ही माणसं परतल्यावर कोरोनाच्या चाचण्या झाल्या, तेव्हा एकट्या सांगली विभागात शंभराहून अधिक कर्मचारी बाधित निघाले. तासगाव, विटा, जत, आटपाडी, शिराळा, पलूस अशा गावांतली ही घरं. एकेका घरात म्हातारे आईवडील, लहान मुलं.

बातमी दोन दिवस चालली आणि मागं पडली. मला मात्र या सगळ्या विषयाची नाडी तिथंच सापडते असं वाटतं. साथ आली की गाडीत चढणाऱ्यावर नजर ठेवायची, त्याला अडवायचं, उतरवायचं, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. त्याच गाडीत रोज आठ-दहा तास काढणाऱ्या माणसाचं काय, हे मात्र सव्वाशे वर्षांत फारसं कुणी लिहूनच ठेवलं नाही.

ही रीत प्लेगाच्या काळात पडली. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला प्लेगाचे रुग्ण सापडले आणि पुढच्या चार-पाच महिन्यांत जवळपास निम्मं शहर रिकामं झालं. गिरण्यांत आणि गोदीवर काम करणारी साताऱ्याकडची माणसं गावाकडं निघाली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. हा कायदा अगदी आखूड, चार कलमांचा. पण त्यात एक गोष्ट नाव घेऊन सांगितलेली आहे : रेल्वेनं किंवा अन्य मार्गानं प्रवास करणाऱ्यांची तपासणी करायची आणि अधिकाऱ्याला संशय आला तर त्यांना वेगळं ठेवायचं. स्टेशनांवर प्रवाशांना उतरवून अंग तापलंय का, काखेत-जांघेत गाठ आहे का, हे बघत. बायकांच्या तपासणीवरून केवढा क्षोभ उसळला होता, हे सर्वांना ठाऊक आहे. एवढं करूनही रोग थांबला नाही. सातारा जिल्ह्याला प्लेगाचा जबर तडाखा बसला. गाव सोडून माळावर, शेतात झोपड्या घालून राहण्याच्या आठवणी आपल्या आज्या-पणज्यांपर्यंत चालत आल्या.

याच साथीत १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांचं जन्मगाव नायगाव, आजच्या सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यातलं. मुंढव्याचा एक प्लेगग्रस्त मुलगा पाठीवर घेऊन त्या हडपसरच्या माळावर आपल्या मुलाच्या, म्हणजे डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात गेल्या आणि त्यातून त्यांना लागण झाली. रुग्णाला नेण्यासाठी गाडी नव्हती, नेणाऱ्यासाठी कसलंच संरक्षण नव्हतं. एसटीच्या गोष्टीत सावित्रीबाई कुठून आल्या, असं कुणाला वाटेल. पण साथीत माणसाला एका जागेहून दुसऱ्या जागी नेणाऱ्यावर काय ओढवतं, याचं याहून जवळचं उदाहरण मला ठाऊक नाही.

१९१८ च्या इन्फ्लुएंझानं हीच गोष्ट वेगळ्या तऱ्हेनं दाखवली. जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापानं आजारी पडले. त्यांच्यामागोमाग जहाज कंपन्या, पोर्ट ट्रस्ट, तारखातं, गिरण्या इथली माणसं आडवी झाली. म्हणजे पहिला घाव बसला तो चार लोकांत उभं राहून काम करणाऱ्यांवर. सप्टेंबरात दुसरी लाट आली, ती फार भयंकर. ६ ऑक्टोबरला एका दिवसात मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसं गेली. ताप रेल्वेच्या रुळांबरोबर पसरतोय, हे त्यावेळच्या अधिकाऱ्यांनाही दिसत होतं. पुणे-मिरज मीटरगेज मार्ग तोवर कोरेगाव, कऱ्हाड, ताकारीवरून तीसेक वर्षं धावत होता. पावसानं दगा दिलेलं साल, धान्य महाग, अंगात त्राण नाही, आणि मुंबईहून येणारी प्रत्येक गाडी गच्च. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. जनगणनेच्या इतिहासात असं दशक दुसरं नाही.

१ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली आणि नंतरच्या काही वर्षांत आपल्या भागात प्रवास म्हणजे एसटी हे समीकरण झालं. आज सातारा विभागात अकरा आगारं आहेत, सांगली विभागात दहा. महाबळेश्वरच्या धुक्यापासून जतच्या उघड्या माळापर्यंत एकच लाल गाडी. पण साथीबाबतचा विचार जुनाच राहिला. १९८९ च्या रेल्वे कायद्याचं ५६ वं कलम पाहा : संसर्गजन्य रोग असलेल्याला नेण्याचं नाकारण्याचा अधिकार रेल्वेला आहे. मोटार वाहनांच्या नियमांतही अशाच अर्थाची तरतूद चालत आली. वाहकानं रोगी ओळखायचा आणि त्याला चढू द्यायचं नाही, ही अपेक्षा. रोगी नुसता बघून ओळखता येत नसेल तर काय, हा प्रश्नच कुणाच्या मनात आला नाही.

१९९४ च्या सप्टेंबरात सुरतेतून लोक प्लेगाच्या भीतीनं मिळेल त्या गाडीनं बाहेर पडले. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला. तेव्हा सातारा-पुणे गाड्यांतून रुमाल बांधलेले चेहरे दिसायला लागले. महिना-दोन महिन्यांत रुमाल सुटले. दोन्ही वेळा धोका ओसरला आणि गाडीच्या आत काहीच बदललं नाही.

मग २०२० उजाडलं. ९ मार्चला कोरोनाचे राज्यातले पहिले रुग्ण पुण्यात सापडले. १३ मार्चला सरकारनं काय लागू केलं, तर तोच १८९७ चा कायदा. २३ मार्चपासून एसटी थांबली. त्याच दिवशी इस्लामपुरात परदेशातून आलेल्या एकाच कुटुंबातल्या चौघांचे अहवाल बाधित आले आणि आठवड्याभरात आकडा पंचवीसच्या घरात गेला. राज्याची नजर सांगलीवर खिळली. ते सगळे बरे होऊन घरी गेले, हे मुद्दाम सांगायला हवं, कारण तेव्हा त्या गावाबद्दल लोक फार वाईट बोलले.

चाकं थांबली तरी माणसं थांबत नाहीत. कारखान्यांच्या तळावर बीडकडचे ऊसतोड मजूर अडकून पडले होते. त्यांना एप्रिलच्या मध्यानंतर परवानगी मिळाली. मे महिन्यात एसटीनं परप्रांतीय मजुरांना राज्याच्या सीमांपर्यंत फुकट पोचवलं, लाखांच्या संख्येनं. देशभर टाळेबंदी असताना लाल गाडीचे चालक अनोळखी माणसांनी भरलेली गाडी घेऊन शेकडो किलोमीटर जात होते. टाळ्या-थाळ्या वाजल्या त्या डॉक्टर-परिचारिकांसाठी, आणि ते योग्यच होतं. स्टेअरिंगवरच्या माणसाची आठवण थोड्यांनाच झाली.

२२ मेपासून जिल्ह्यातल्या जिल्ह्यात गाड्या सुरू झाल्या, त्याही निम्म्या आसनांवर. ४४ आसनांच्या गाडीत २२ माणसं. २० ऑगस्टपासून जिल्ह्याबाहेर, तीही ई-पास न मागता. १८ सप्टेंबरपासून सगळी आसनं भरायला परवानगी. या तारखा नुसत्या वाचल्या तर शिस्तशीर वाटतात. पण आपल्याकडं एसटीच्या जोडीला वडाप, म्हणजे खासगी जीपची वाहतूक असते. एसटी निम्मी भरून निघाली की फलाटावर उरलेली माणसं कुठं जाणार? नाक्यावरच्या जीपमध्ये. टॅक्सीत चालक सोडून मोजकेच प्रवासी बसवायचे, असा नियम होता. दहिवडी-म्हसवडच्या वाटेवर किंवा जत तालुक्यात संध्याकाळची शेवटची जीप असेल, तर तो नियम कोण पाळणार? एसटी अर्धी केली की गर्दी अर्धी होत नाही, ती जीपमध्ये दाटते. हे फलाटावरच्या कुठल्याही वाहतूक नियंत्रकानं सांगितलं असतं.

आणि वाहकाचं काम तरी पाहा. सुटे पैसे घ्यायचे, तिकीट द्यायचं, मागच्या बाकापर्यंत जाऊन परत यायचं, प्रत्येकाच्या तोंडाशी वाकून ‘कुठं?’ विचारायचं. मशीनचा आणि घाटाचा आवाज असा, की प्रवासी मास्क खाली ओढूनच उत्तर देतो. मुक्कामी गाडी असेल तर रात्री गाडीत किंवा देवळाच्या ओवरीत झोपायचं. एरवी चहा विचारणारी गावं त्या वर्षी बाहेरच्या माणसाला बिचकत होती.

काळजी घेतली गेली नाही असं नाही. गाड्या सोडियम हायपोक्लोराइटनं धुतल्या, चालकाच्या मागं प्लास्टिकचे पडदे लावले, सॅनिटायझर दिलं. २०२१ मध्ये तर सुमारे दहा हजार गाड्यांना आतून जंतुरोधक लेप देण्याचा निर्णय झाला. पण हे सगळे उपाय पृष्ठभागावरचे होते, आणि तोवर विज्ञान पुढं गेलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च २०२० मध्ये हा रोग हवेतून पसरत नाही असं ठासून सांगितलं होतं. जुलैत ती शक्यता मान्य केली, आणि एप्रिल २०२१ च्या अखेरीस आणखी स्पष्ट केलं. चीनच्या झेजियांग प्रांतातला एक दाखला सप्टेंबर २०२० मध्येच छापून आला होता. जानेवारीत एका धार्मिक कार्यक्रमाला जाणाऱ्या बसमध्ये ६८ जण होते. जाण्याला पन्नास मिनिटं, येण्याला पन्नास. वातानुकूलन यंत्र आतलीच हवा फिरवत होतं. एका रुग्णापासून २३ जणांना लागण झाली, अगदी लांबच्या आसनांवरच्यांनाही. शेजारच्या दुसऱ्या बसमध्ये एकालाही नाही. उघडणाऱ्या खिडकीजवळ बसलेले बहुतेक जण वाचले.

हे वाचल्यावर आपली खडखडणारी लालपरी वेगळी दिसायला लागते. जिच्या काचा नीट बंद होत नाहीत म्हणून आपण इतकी वर्षं कुरकुरलो, ती गाडी हवेच्या बाबतीत २०१७ पासून आलेल्या गारेगार शिवशाहीपेक्षा सुरक्षित होती. अडचण पावसाची. गाड्या सुरू झाल्या आणि पाठोपाठ जून ते सप्टेंबरचा पावसाळा आला. पाटण, कोयनानगर, मेढा, महाबळेश्वर या वाटांवर पावसाळ्यात कुणी काच उघडी ठेवू देईल का? मुंबईत बसून केलेल्या नियमाला कोयनेचा पाऊस ठाऊक नसतो.

कर्मचाऱ्यांच्या वाट्याला कागदोपत्रीही उशिरा आलं. कोविडच्या कामात मृत्यू झाल्यास पन्नास लाखांची मदत राज्यानं मे २०२० मध्ये ठरवली आणि एसटीलाही ती लागू झाल्याचं सांगितलं गेलं. पण आजारी पडण्याआधीच्या चौदा दिवसांत कामावर असल्याचं दाखवावं लागत होतं. राज्यभरात एसटीचे शेकडो कर्मचारी गेले, पूर्ण मदत थोड्याच घरांपर्यंत पोचली. २ फेब्रुवारी २०२१ पासून साथीत आघाडीवर राबणाऱ्या कर्मचाऱ्यांना लस सुरू झाली. पोलीस, गृहरक्षक दल, नगरपालिका आणि महसूल खात्याचे लोक त्या यादीत होते, चालक-वाहक नव्हते. पस्तिशीतल्या वाहकाला १ मेपर्यंत वाट पाहावी लागली, आणि तोवर दुसरी लाट माथ्यावर होती. त्या लाटेनं आपल्या भागाला जास्त काळ धरून ठेवलं. २ ऑगस्टला राज्यात निर्बंध सैल झाले, तेव्हा सातारा, सांगली आणि कोल्हापूर वगळलेल्या अकरा जिल्ह्यांत होते. मध्ये पगार महिनोन्महिने रखडले होते. २०२१ च्या अखेरीस सुरू होऊन एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या संपाकडं पाहताना ही दोन वर्षं डोळ्यांआड करता येत नाहीत.

२०२० मध्ये साथरोग कायद्यात दुरुस्ती झाली. केंद्र सरकारनं वाहनं तपासायच्या कलमात आधी जहाजंच होती, आता बस, रेल्वे, मालवाहू गाड्या, विमानंही आली. आरोग्यसेवकांवर हल्ला करणाऱ्याला कडक शिक्षा आली, ती हवीच होती. बसमध्ये काम करणाऱ्यासाठी त्यात वेगळं काही नाही.

आता फलाट पुन्हा भरले आहेत. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत आहे, मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट. औंधला, म्हसवडला, शिखर शिंगणापूरला जाणारी म्हातारी माणसं गाडीत दिसली की बरं वाटतं. पण साथीत सगळ्यात आधी ज्यांना जपायला हवं, तीच ही माणसं, आणि त्यांच्यासाठी येणाऱ्या नव्या गाड्यांत वातानुकूलित, बंद काचांच्या विजेवरच्या गाड्या वाढत आहेत. धूर नाही, आवाज नाही, हे चांगलंच. पण काच सरकत नसेल तर बाहेरची किती हवा आत येते, हे गाडी घेतानाच विचारायला हवं, आणि चालकाच्या जागेपर्यंत ती पोचते का, हेही. संध्याकाळी गाडी आगारात आली की तेल-पाणी पाहतात, टायर ठोकून बघतात, ब्रेक तपासतात. त्याच कागदावर हवेसाठी एक रकाना वाढवायला फार पैसे लागत नाहीत.