शंखखंड : पृष्ठभागाची रचना

शंखखंड, म्हणजेच टेम्पोरल लोब, हा मोठ्या मेंदूचा कानशिलामागचा भाग. बाजूने पाहिलेला मेंदू मिटलेल्या मुठीसारखा भासतो आणि शंखखंड तिच्या अंगठ्याच्या जागी येतो. त्याचे पुढचे गोलसर टोक कवटीच्या तळातल्या मधल्या खळग्यात बसते.

वरची सीमा ठळक आहे: १७व्या शतकातील शरीररचनातज्ज्ञ फ्रान्सिस्कस सिल्व्हियस यांच्या नावाची सिल्व्हियन फट. मागची सीमा मात्र मेंदूवर उमटलेलीच नसते. आतल्या अंगाची पराइटो-ऑक्सिपिटल खाच आणि खालच्या कडेवरचा छोटा खोलगट ठसा यांना जोडणारी रेषा कल्पनेने ओढावी लागते.

बाहेरच्या अंगावर पुढून मागे जाणाऱ्या तीन वळ्या दिसतात: वरची, मधली आणि खालची. वरच्या आणि मधल्या वळीमधली खाच सहसा सलग असते. तिच्याखालची खाच जागोजाग तुटलेली असते, त्यामुळे मधली वळी कोठे संपली आणि खालची कोठे सुरू झाली हे प्रत्यक्ष मेंदूवर ठरवताना अडखळायला होते. पुस्तकातल्या आकृतीइतके नीटनेटके मेंदू क्वचितच सापडतात.

खरी महत्त्वाची जागा मात्र बाजूने दिसतच नाही. सिल्व्हियन फटीचे काठ बोटांनी अलगद दूर केले की शंखखंडाची वरची सपाटी उघडी पडते. तिच्यावर तिरकी जाणारी हेश्लची वळी असते. काही मेंदूंत एक, काहींत दोन. कानांवाटे आलेला आवाज मेंदूच्या बाह्यकात, म्हणजे पृष्ठभागाच्या थरात, प्रथम येथे पोहोचतो. तिच्यामागचा त्रिकोणी सपाट भाग म्हणजे प्लॅनम टेम्पोराले. गेश्विंड आणि लेविट्स्की यांनी १९६८ मध्ये १०० मेंदू मोजले, तेव्हा ६५ मेंदूंत तो डावीकडे मोठा निघाला आणि ११ मध्ये उजवीकडे. बोललेले समजण्याशी निगडित असे वेर्निकेचे क्षेत्र याच परिसरात, वरच्या वळीच्या मागच्या भागात मानले जाते. कार्ल वेर्निके यांनी त्याविषयी १८७४ मध्ये लिहिले.

बाहेरच्या अंगाला रक्तपुरवठा मुख्यतः मिडल सेरेब्रल धमनीचा, खालच्या अंगाला बहुतांशी पोस्टिरिअर सेरेब्रल धमनीचा.

मेंदू उलटा केला की खालची बाजू दिसते. बाहेरून आत येताना आधी खालच्या वळीची कड, मग फ्युजिफॉर्म वळी आणि सर्वांत आत पॅराहिप्पोकॅम्पल वळी लागते. चेहरे ओळखण्यात फ्युजिफॉर्म वळीचा मोठा वाटा आहे. आतल्या दोन वळ्यांमधली कोलॅटरल खाच इतकी खोल असते की मेंदूच्या आतल्या पोकळीच्या भिंतीवर तिचा उंचवटा उमटतो.

पॅराहिप्पोकॅम्पल वळीचे पुढचे टोक आकड्यासारखे मागे वळते, तो अंकस. त्याच्या शेजारून डोळ्याकडे जाणारी तिसरी मस्तिष्क चेता जाते. डोक्याला मार लागून आत रक्त साठले आणि दाबाने अंकस टेंटोरियमच्या, म्हणजे मोठ्या आणि लहान मेंदूमधल्या पडद्याच्या, कडेवरून खाली सरकला, तर ही चेता चेपली जाते आणि बहुधा त्याच बाजूची बाहुली विस्फारते. म्हणूनच बेशुद्ध रुग्णाच्या दोन्ही डोळ्यांवर टॉर्च मारून बाहुल्या पुन्हा पुन्हा तपासल्या जातात.