वाय-फाय गेलं की इंटरनेट गेलं?

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री एक मेसेज हमखास पडतो: "कोणाचं वाय-फाय चालू आहे का?" खाली सहा जण "आहे" म्हणतात, चौघं "नाही". त्यातून कुणालाच काही कळत नाही, कारण प्रश्नच चुकलेला असतो. तुमचं वाय-फाय तुमच्या राउटरमधून निघतं आणि तुमच्या घराच्या आसपास संपतं. ते शेजाऱ्याकडे चालू आहे म्हणून तुमच्याकडे चालू असेल, असं काही नसतं. विचारायचं असतं ते असं: "ब विंगमध्ये अमुक कंपनीचं इंटरनेट आहे का?"

हा शब्दांचा कीस वाटेल, पण या एका गोंधळापायी लोक १०० एमबीपीएस वेगाचा प्लॅन सोडून ३००चा घेतात, चांगला चालणारा राउटर टाकून देतात, वाय-फायची रेंज वाढवणारे दोन-दोन हजारांचे एक्स्टेंडर आणतात, आणि मूळ दुखणं तिथेच राहतं. "वाय-फायचं बिल भरलं", "वाय-फाय संपलं" असं बोलणं इतकं रुळलंय की केबलवाल्याचा माणूसही तसंच बोलतो. वाय-फायला बिल येत नाही. बिल इंटरनेटचं येतं.

इंटरनेट काय असतं हे रोज वापरणाऱ्याला सांगायला नको. एवढंच आठवा: १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांना इंटरनेट खुलं केलं तेव्हा मुंबईत ते टेलिफोनच्या तारेवरून मोडेमने यायचं. वाय-फाय हे नाव आलं १९९९मध्ये. म्हणजे वाय-फायशिवाय इंटरनेट असतं. लॅन केबल लावलेल्या कॉम्प्युटरला आजही ते तसंच मिळतं. आणि इंटरनेटशिवाय वाय-फायसुद्धा असतं. हे दुसरं वाक्य पचनी पडत नाही, म्हणून त्यावरच जरा थांबू या.

फोनपासून राउटरपर्यंतचा टप्पा हवेतून जातो, घरातल्या घरात. तो वाय-फाय. राउटरच्या पुढचा टप्पा म्हणजे काचेची तार, म्हणजेच फायबर, जिन्यातला डबा, गच्चीवरून किंवा रस्त्याखालून गेलेली केबल, कंपनीचं केंद्र आणि त्यापलीकडचं जग. तो इंटरनेट. नळाची चावी पूर्ण सोडली म्हणून पालिकेचं पाणी आलं असं होत नाही, आणि टाकी भरलेली असली तरी नळ गंजला असेल तर धार करंगळीएवढीच येते. दोन्ही वेळी बादली भरत नाही, पण एकदा वॉर्ड ऑफिसला फोन करायचा असतो आणि एकदा प्लंबरला.

आता फोनच्या कोपऱ्यातल्या त्या कमानी बघा. सगळा घोटाळा त्यांनी केलाय. त्या कमानी फक्त पहिला टप्पा मोजतात: राउटरचा रेडिओ तुमच्या फोनपर्यंत किती जोरात पोचतोय, बस. राउटरच्या मागची बाहेरून आलेली तार काढून हातात घ्या, कमानी तेवढ्याच भरलेल्या राहतील. "फुल रेंज आहे तरी नेट नाही" हे वाक्य म्हणूनच कोड्यासारखं वाटतं, आणि त्यात कोडं काहीच नाही. उलटंही तितकंच खरं आहे. राउटरपर्यंत ३०० एमबीपीएस व्यवस्थित येत असतात, पण मागच्या बेडरूममध्ये एकच कमान उरते आणि तिथे व्हिडिओ अडकतो. तिथे ५००चा प्लॅन घेतला तरी तो तसाच अडकणार.

त्या चिन्हावर उद्गारचिन्ह किंवा फुली आली आणि खाली "कनेक्टेड, नो इंटरनेट" असं दिसलं, तर फोन अगदी नेमकं सांगतोय की राउटरशी माझं जुळलंय, पुढे वाट नाही. अशा वेळी लोक नेटवर्क "फर्गेट" करून पासवर्ड पुन्हा घालतात. पासवर्डचं काम पहिल्या टप्प्यापुरतं होतं आणि ते कधीच झालेलं आहे. पासवर्ड चुकला असता तर फोन जोडलाच गेला नसता.

तपासायच्या आधी फोनचा मोबाइल डेटा बंद करा. पुष्कळ फोन इंटरनेट गेलं की गुपचूप मोबाइल डेटावर जातात आणि तुम्ही "चालतंय की!" म्हणून मोकळे होता.

खात्रीची परीक्षा कॉम्प्युटरवर होते आणि तिला पाच मिनिटं पुरतात. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि "आयपीकॉन्फिग" (ipconfig) ही कमांड द्या (कमांड अर्थातच इंग्रजीत टाइप करायच्या). जी यादी येते त्यात "डिफॉल्ट गेटवे" समोरचा आकडा बघा. बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. हा तुमच्या राउटरचा पत्ता. तिथे गेटवे रिकामा असेल आणि तुमच्या कॉम्प्युटरचा पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल, तर राउटरने पत्ताच दिलेला नाही, म्हणजे बिघाड घरातच आहे. गेटवे दिसत असेल तर "पिंग", एक जागा सोडून तो पत्ता, पुन्हा एक जागा सोडून "-टी" असं लिहा (ping 192.168.1.1 -t) आणि मिनिटभर चालू द्या. पिंग त्या पत्त्यावर डेटाचं छोटं पाकीट पाठवतं आणि उत्तर किती वेळात आलं ते सांगतं. थांबवायला कंट्रोल आणि सी. राउटर त्याच खोलीत असेल तर प्रत्येक ओळीत १ ते १० मिलिसेकंद दिसायला हवेत. ३, ४, २, ३ असं चाललेलं असताना मध्येच १८०, ३४०, मग "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" असं दिसू लागलं, तर बहुतेक वेळा दुखणं वाय-फायचं आहे. हे पाकीट घराबाहेर गेलेलंच नाही. कंपनीला शिव्या देऊन उपयोग नाही.

ही ओळ स्वच्छ असेल तर तीच कमांड ८.८.८.८ला द्या. हा गूगलचा पत्ता आहे, म्हणजे आता पाकीट बाहेर पडतं. मुंबईतून चांगल्या फायबरवर उत्तर बहुधा २० मिलिसेकंदांच्या आत येतं. राउटर उत्तर देतोय आणि ८.८.८.८ देत नाही, तर इंटरनेट गेलंय. दोन्ही उत्तरं देतायत पण साइट उघडत नाहीत, तर नावाचा पत्ता शोधून देणारी डीएनएस सेवा बंद पडलीये. राउटरच्या किंवा कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये डीएनएस १.१.१.१ किंवा ८.८.८.८ करून बघा.

वेग कमी वाटत असेल तर स्पीड टेस्ट लॅन केबलवरच करा. बेडरूममध्ये फोनवर केलेल्या टेस्टचा स्क्रीनशॉट तक्रारीला जोडला तर कंपनीचा माणूस येऊन राउटरला केबल लावून पूर्ण वेग दाखवतो आणि जातो, आणि त्याचं म्हणणं बरोबर असतं. एक खूण लक्षात ठेवा: प्लॅन २००-३००चा आणि केबलवर वेग दर वेळी ९४-९५लाच अडकत असेल, तर तो ना वाय-फायचा दोष, ना इंटरनेटचा. केबल किंवा पोर्ट १००वर चालतोय. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, केबलमधल्या आठही तारा लागतात. घाईत केबलला टोक बसवणारे (क्रिम्पिंग करणारे) कधीकधी चारच जोडतात, किंवा एखादी तार आत नीट बसलेली नसते. कॅट ५ई किंवा कॅट ६ची चांगली केबल लावा. राउटर किंवा लॅपटॉपचा पोर्टच १००चा असेल तर मात्र केबल बदलून फरक पडणार नाही.

इंटरनेट गेलंय असं ठरलं की भिंतीवरच्या फायबरच्या डब्याचे दिवे वाचा. "पॉन" स्थिर हिरवा आणि "एलओएस" विझलेला, ही तब्येत ठीक असल्याची खूण. एलओएस लाल असेल तर काचेतून उजेडच येत नाहीये. मुंबईत याची कारणं ठरलेली आहेत: रंगकामाच्या परांचीवाल्यांनी तार ओढली, काँक्रीटीकरणासाठी रस्ता खणला, पावसात फांदी पडली, नाहीतर डक्टमध्ये उंदरांनी कुरतडली. घरातलं कारण म्हणजे सोफा सरकवताना पिवळी तार दुमडली गेली. ती विजेच्या वायरसारखी काटकोनात वळवायची नसते; वळसा चहाच्या कपाच्या तोंडाएवढा तरी ठेवा. टोक काढून आत डोकावू नका, त्यातला लेसर डोळ्यांना दिसत नाही. पॉन हिरवा, एलओएस विझलेला आणि तरी इंटरनेट नाही, तर आधी बिल बघा. भरलेलं असेल तर पुढचा दोष कंपनीकडे आहे.

जुन्या इमारतींत अजून पुष्कळ ठिकाणी फायबर गच्चीवरच्या किंवा जिन्यातल्या पेटीपर्यंतच येतं आणि तिथल्या स्विचमधून साधी लॅन केबल घरात उतरते. तो स्विच इमारतीच्या सामायिक विजेवर चालतो. जिन्यातली वीज ट्रिप झाली की घरात दिवे-पंखे चालू आणि इंटरनेट बंद. राउटरचा "वॅन" दिवा, म्हणजे बाहेरून येणाऱ्या तारेचा, विझला असेल तर आधी वॉचमनला पेटीची वीज बघायला सांगा, मग फोन लावा.

दोष वाय-फायचा निघाला तर पैसे काढण्याआधी राउटर हलवा. तार दारातून आत येते म्हणून बसवणारा माणूस राउटर दारावर नाहीतर चपलांच्या रॅकमागे ठोकून जातो, आणि पुढची पाच वर्षं तो तिथेच राहतो. टू बीएचकेमध्ये त्याची जागा पॅसेजमध्ये, डोक्याच्या उंचीवर, मोकळ्यात. टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर, फिश टँकशेजारी किंवा माळ्यावर सामानात मुळीच नको. बसवतानाच लांब फायबर मागा, नंतर कुणी फुकट वाढवून देत नाही. नव्या टॉवरमध्ये मायवान पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात, आतल्या भिंतीसुद्धा सळया घालून काँक्रीटच्या ओततात. अशा दोन भिंतींपलीकडे पाच गिगाहर्ट्झचं वाय-फाय जेमतेम पोचतं. तिथे प्लगमध्ये खोचायचा स्वस्त रिपीटर घेऊ नका. एकच रेडिओ राउटरकडून घेतो आणि तोच पुढे देतो, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो, आणि लोक तो नेमका रेंज नसलेल्या खोलीत लावतात, जिथे त्याला स्वतःलाच काही मिळत नाही. त्यापेक्षा भिंतीच्या कडेने पट्टीतून एक लॅन केबल बेडरूमपर्यंत न्या आणि तिथे जुना राउटर लावा: त्याचा डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद करा, पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा द्या (मुख्य १९२.१६८.१.१ असेल तर १९२.१६८.१.२), आणि केबल वॅनमध्ये न लावता लॅन पोर्टमध्ये लावा. या तीनपैकी एक चुकलं की घरभर कधी चालतंय, कधी नाही, असा खेळ सुरू होतो.

वाय-फायच्या दोन नेहमीच्या लहरींपैकी २.४ गिगाहर्ट्झ पाचपेक्षा लांब जातं, पण दाट वस्तीत त्यावर शेजारपाजारचे वीस-तीस राउटर एकावर एक बोलत असतात; चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचं निवडा. नावापुढे "५जी" दिसतं ते पाच गिगाहर्ट्झ, मोबाइलच्या फाइव्ह-जीशी त्याचं काही नातं नाही. १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर फाइल सेकंदाला १२.५ मेगाबाइटच उतरते; एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट आणि आठ बिटांचं एक बाइट, म्हणून आठने भागायचं असतं, फसवणूक नसते. आणि नेटफ्लिक्स फोर-केसाठी स्वतःच १५ एमबीपीएस पुरेसे म्हणतं, तेव्हा चार माणसांच्या घराला १०० पुष्कळ झाले.

रिस्टार्टसाठी वीज बंद करा, अर्धा मिनिट थांबा, आधी फायबरचा डबा चालू करा, पॉन स्थिर झाला की मग राउटर. टाचणीने दाबायचं रिसेट बटण म्हणजे रिस्टार्ट नव्हे. ते दाबलं की कंपनीने भरलेलं युजरनेम-पासवर्डही पुसलं जाऊ शकतं, आणि वाय-फायची तक्रार असलेल्या घरात आता इंटरनेटही नसतं.

पासवर्डही दोन असतात. वाय-फायचा पासवर्ड पाहुण्यांना देता तो. राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा वेगळा, आणि तो कित्येक घरांत अजून "ॲडमिन" हाच असतो. तो आजच बदला. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा, डब्ल्यूपीएस (बटण दाबून पासवर्डशिवाय जोडायची सोय) बंद करा, पाहुण्यांना गेस्ट नेटवर्क द्या.

तक्रार नोंदवताना "वाय-फाय चालत नाही" म्हणू नका, नाहीतर समोरचा तुम्हाला राउटर बंद-चालू करायला लावत बसतो. असं सांगा: "एलओएस लाल आहे" किंवा "गेटवेला पिंग जातो, ८.८.८.८ला जात नाही, लॅनवर बघितलंय." नंबर बिलावरचा किंवा कंपनीच्या ॲपमधलाच घ्या. इंटरनेट गेल्यावर घाईत मोबाइल डेटावर "कस्टमर केअर" शोधलं की वर येणारे नंबर पुष्कळदा ठगांचे असतात. ते एनीडेस्कसारखं ॲप टाकायला लावतात आणि फोनची स्क्रीन बघत राहतात. तक्रार घ्यायला कुठल्याही इंटरनेट कंपनीला तुमची स्क्रीन, ओटीपी किंवा यूपीआय पिन लागत नाही. ॲप टाकून झालं असेल आणि पैसे गेले असतील, तर फोनचं नेट तोडा, बँकेला कळवा आणि लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३०वर, फोन करा.