आयलीन वुर्नोस : निकालाआधीच बाजारात गेलेली गोष्ट

३० ऑक्टोबर २०२५ला नेटफ्लिक्सवर एमिली टर्नर यांचा ‘आयलीन : क्वीन ऑफ द सीरियल किलर्स’ हा माहितीपट आला आणि सात पुरुषांच्या खुनांची फ्लोरिडातली पस्तीस वर्षं जुनी केस पुन्हा चर्चेत आली. आयलीन वुर्नोसवर कॅमेरा रोखला गेला तो मात्र काही पहिल्यांदा नव्हे. १९९२मध्ये तिच्यावर टीव्हीसाठी चित्रपट झाला, निक ब्रूमफिल्ड यांचा पहिला माहितीपटही त्याच वर्षीचा. २००३मध्ये त्यांनी दुसरा केला आणि त्याच वर्षी अभिनेत्री शार्लीझ थेरॉनचा ‘मॉन्स्टर’ हा चित्रपट आला. पॉडकास्ट, पुस्तकं यांची तर गणतीच नको. इतकं सगळं होऊनही प्रेक्षक दरवेळी तोच प्रश्न घेऊन उठतो : जीव वाचवायला मारलं म्हणणारी ही बाई खरं बोलत होती की थापा मारत होती? हा गुंता तिच्या स्वभावातून आला तसाच तो तिच्या भोवतालच्या माणसांच्या घाईतूनही आला. खटला उभा राहण्याआधीच तिच्या गोष्टीला गिऱ्हाईक मिळालं होतं.

आधी घटना. ३० नोव्हेंबर १९८९च्या रात्री क्लीअरवॉटरमध्ये इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीचं दुकान चालवणारा रिचर्ड मॅलरी आपल्या गाडीतून निघाला आणि परतला नाही. दोन आठवड्यांनी त्याचं प्रेत झाडीत सापडलं, अंगात गोळ्या होत्या. पुढच्या वर्षभरात मध्य आणि उत्तर फ्लोरिडात आणखी सहा पुरुष गेले. सगळे मध्यमवयीन किंवा त्याहून मोठे, एकटे गाडीने निघालेले. एक बांधकामावरचा कामगार, एक सॉसेज पोचवणारा विक्रेता, एक हवाई दलातला निवृत्त मेजर. एकाचं, पीटर सीम्सचं, प्रेत आजतागायत मिळालेलं नाही.

तपासाला दिशा मिळाली ती सीम्सच्याच गाडीमुळे. ४ जुलै १९९०ला ती ऑरेंज स्प्रिंग्जजवळ रस्त्याकडेला आदळली आणि दोन बायका त्यातून उतरून चालत्या झाल्या. लोकांनी वर्णनं दिली, नोव्हेंबरमध्ये रेखाचित्रं छापून आली, फोन येऊ लागले. दाराच्या मुठीवर तळव्याचा ठसा होता. दुसरा दुवा त्याहून साधा. फ्लोरिडात गहाणवटीच्या दुकानात वस्तू ठेवायची तर पावतीवर अंगठा उमटवावा लागतो, आणि मॅलरीचा कॅमेरा गहाण ठेवणारीने तो इमानेइतबारे उमटवला होता. ९ जानेवारी १९९१ला पोर्ट ऑरेंजजवळच्या ‘द लास्ट रिसॉर्ट’ या बाइकवाल्यांच्या बारमधून आयलीनला पकडलं. गाडीतून उतरलेली दुसरी बाई म्हणजे तिची जोडीदार टायरिया मूर. पोलिसांनी तिला पेनसिल्वेनियातून परत आणलं, मोटेलमध्ये बसवलं आणि आयलीनशी फोनवर बोलायला लावलं. टेप चालू होती. टायरिया रडत होती, ‘यात मी अडकणार’ म्हणत होती. आयलीनला कोणीतरी ऐकत असल्याचा संशय आलाच होता, तरी टायरियाला सोडवायचं म्हणून १६ जानेवारीला तिने कबुली दिली. सगळं मी केलं, तिचा काही संबंध नाही, आणि जे केलं ते जीव वाचवायला केलं. त्या कबुलीजबाबात स्वसंरक्षणाचा मुद्दा ती पुन्हा पुन्हा काढते.

इथपर्यंतची हकिगत कुठल्याही पोलीस स्टेशनात शोभेल अशी. पुढची मात्र हॉलिवूडची.

अटकेला काही आठवडे होतात न होतात तोच मॅरियन काउंटीच्या शेरीफ कार्यालयातल्या तीन अधिकाऱ्यांनी चित्रपट-कंपन्यांशी बोलणी करायला एक वकील गाठला. टायरियाचं नावही त्याच बोलण्यांत होतं. म्हणजे तपास करणारे आणि सरकार पक्षाची सर्वांत महत्त्वाची साक्षीदार, दोघांचाही गोष्टीच्या किमतीशी संबंध जुळला. बातमी फुटली तेव्हा अधिकाऱ्यांनी सांगितलं की पैसे पीडितांच्या निधीत जाणार होते. एकाने पुढे राजीनामा दिला, दोघांची बदली झाली. एका निर्मातीने तर थेट आयलीनशीच करार करून टाकला होता. आयलीनला वाटलं आपण श्रीमंत होणार. पण गुन्हेगाराला आपल्या गुन्ह्याच्या कहाणीवर कमाई करता येऊ नये, असा कायदा फ्लोरिडात होता. थोडक्यात, या व्यवहारात पैसे न मिळणारी एकच व्यक्ती होती, आणि ती गजाआड होती.

तिच्या गोष्टीला एवढा भाव का आला? वर्तमानपत्रांनी तिला ‘अमेरिकेची पहिली महिला सीरियल किलर’ करून टाकलं होतं, आणि ते साफ चूक होतं. मॅसॅच्युसेट्सच्या जेन टॉपन या नर्सने १९०१मध्ये अटक झाल्यावर एकतीस खुनांची कबुली दिली होती. इंडियानातल्या ला पोर्टमध्ये बेल गनेसच्या शेतातून १९०८मध्ये सांगाडे निघाले. इंग्लंडची मेरी अॅन कॉटन तर १८७३मध्येच फासावर गेली. पण या बायकांनी घरात मारलं, बहुधा विष घालून, आणि बहुधा आपलंच किंवा ओळखीचं माणूस. आयलीन हमरस्त्यावर, पिस्तूल घेऊन, अनोळखी पुरुषांना मारत होती. खुनाची ही तऱ्हा पुरुषांची मानली जात होती. शिवाय ती वेश्याव्यवसाय करणारी, बाईवर प्रेम करणारी. छापायला यापेक्षा जास्त काय हवं?

तिचं बालपण प्रत्येक माहितीपटात येतं, म्हणून इथे थोडक्यात. जन्म २९ फेब्रुवारी १९५६, मिशिगनमधलं रॉचेस्टर. बाप मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यात तुरुंगात गेला, तिथेच त्याने गळफास घेतला. आईने आयलीन आणि तिचा भाऊ ही दोन्ही मुलं टाकली, ती आजी-आजोबांनी दत्तक घेतली. आपण ज्यांना आईवडील समजतो ते आजी-आजोबा आहेत हे तिला बऱ्याच उशिरा कळलं. आजोबा मारत असे, असं ती सांगायची. चौदाव्या वर्षी दिवस गेले, मूल दत्तक दिलं गेलं, आजी वारली, घर सुटलं. नंतर रस्ता. मध्येच एक चमत्कारिक प्रकरण येतं. १९७६मध्ये विशीतल्या आयलीनने फ्लोरिडातल्या एका यॉट क्लबच्या सत्तरीला टेकलेल्या अध्यक्षाशी लग्न केलं होतं, ते काही आठवड्यांत मोडलं.

आता खटला. जानेवारी १९९२, डीलँड. फक्त मॅलरीच्या खुनाचा. एका गुन्ह्याचा खटला असताना दुसऱ्या गुन्ह्यांचे पुरावे सहसा ज्यूरीपुढे येत नाहीत, पण आरोपीची पद्धत किंवा हेतू दाखवायला ते आणू देणारा ‘विल्यम्स रूल’ फ्लोरिडात आहे. त्यामुळे बाकीच्या मृत्यूंची छाया पहिल्या दिवसापासून कोर्टात होती. मॅलरीच्या बाबतीत ‘त्याने बांधून बलात्कार केला’ असं म्हणणारी बाई एकदा कदाचित पटलीही असती. सात वेळा स्वसंरक्षण कोणाला पटणार? त्यात कबुलीतला तपशील आणि साक्षीतला तपशील जुळेना. उलटतपासणीत तिने उत्तर न देण्याचा हक्क वारंवार वापरला. २७ जानेवारीला ज्यूरीने दोन तासांच्या आत दोषी ठरवलं, आणि मग देहदंडाची शिफारस एकमताने केली.

मॅलरीचा भूतकाळ मात्र त्या ज्यूरीला माहीतच नव्हता. नोव्हेंबर १९९२मध्ये एनबीसी वाहिनीच्या ‘डेटलाइन’ या कार्यक्रमासाठी काम करणाऱ्या मिशेल गिलन यांनी दाखवून दिलं की बलात्काराच्या हेतूने केलेल्या हल्ल्याबद्दल मॅलरीला मेरीलँडमध्ये शिक्षा झाली होती आणि त्याने लैंगिक गुन्हेगारांवर उपचार करणाऱ्या संस्थेत वर्षं काढली होती. ही नोंद सरकारी दप्तरातच होती. चित्रपटाचे हक्क कोणाकडे याची चौकशी करायला सगळ्यांना वेळ होता, मयताची जुनी फाइल उघडायला बचाव पक्षालाही झाला नाही. यावरून मॅलरीने त्या रात्री काय केलं ते सिद्ध होत नाही, हेही खरं. पण तिची हकिगत निव्वळ कल्पित म्हणून झटकणं ज्यूरीला इतकं सोपं गेलं नसतं. नवा खटला मिळाला नाही. १९९४मध्ये फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली.

दरम्यान दुसराच खेळ रंगला होता. आर्लीन प्रॅल नावाची, ओकालाजवळ घोडे पाळणारी बाई वर्तमानपत्रातला फोटो पाहून आयलीनला पत्रं लिहू लागली. येशूने सांगितलं म्हणून लिहिते, असं ती म्हणे. नोव्हेंबर १९९१मध्ये तिने पस्तिशीतल्या आयलीनला कायदेशीर दत्तकच घेतलं. मग वकील आला स्टीव्ह ग्लेझर, टीव्हीवर ‘डॉक्टर लीगल’ म्हणून स्वतःची जाहिरात करणारा. या दोघांच्या सल्ल्याने आयलीनने उरलेल्या खटल्यांत लढायचंच सोडलं. सीम्सचं प्रेत नसल्याने तो आरोप ठेवलाच गेला नाही. बाकी सहांसाठी सहा मृत्युदंड.

याच सुमारास ब्रूमफिल्ड तिथे पोचले. मुलाखत हवी तर पैसे मोजा, असं उत्तर मिळालं. त्यांनी दहा हजार डॉलर मोजले आणि मोजतानाही कॅमेरा चालू ठेवला. त्यांच्या पहिल्या माहितीपटाचं नावच ‘द सेलिंग ऑफ अ सीरियल किलर’, आणि त्यात खुनी बाईपेक्षा जास्त वेळ तिच्या गिऱ्हाइकांना आणि दलालांना दिला आहे. पैसे देणारा दिग्दर्शकही त्या बाजाराचाच भाग झाला हे उघड आहे, ते त्याने लपवलं नाही एवढंच. माझ्या मते या विषयावर झालेलं सर्वांत प्रामाणिक काम अजूनही हेच आहे.

२००१मध्ये याच माहितीपटावर ओकालाच्या कोर्टात चर्चा झाली. ग्लेझर वकील म्हणून लायक होता का, या सुनावणीत ब्रूमफिल्डना साक्षीला बोलावलं. तुरुंगात अशिलाला भेटायला जाताना ग्लेझर गाडीत गांजा ओढताना चित्रपटात दिसतो, त्यावर प्रश्नोत्तरं झाली. गुन्ह्यावरच्या माहितीपटाची रिळं गुन्ह्याच्याच अपिलात पुरावा म्हणून चालणं हा प्रकार विरळा.

त्याच वर्षी आयलीनने अपिलं थांबवण्याची मागणी केली. मी थंड डोक्याने लुटलं आणि मारलं, सोडलं तर पुन्हा मारीन, असं ती लिहून देऊ लागली. ब्रूमफिल्डशी बोलताना मात्र, कॅमेरा बंद आहे असं समजून, ती कुजबुजली की स्वसंरक्षण खरंच होतं, पण या कोठडीत आणखी राहवत नाही. मग २००२मध्ये तक्रारी सुरू झाल्या : जेवणात काहीतरी मिसळतात, कोठडीत ध्वनिलहरी सोडतात. राज्यपाल जेब बुश यांनी मनोविकारतज्ज्ञ नेमले, त्यांनी ती शुद्धीत असल्याचा निर्वाळा दिला. ८ ऑक्टोबरच्या शेवटच्या मुलाखतीत तिने म्हटलं की पहिल्या खुनानंतरच पोलिसांना सगळं कळलं होतं, गोष्ट मोठी होऊन चांगली विकली जावी म्हणून त्यांनी तिला मोकळं सोडलं. याला काडीचा पुरावा नाही. पण पोलिसांनी खरोखरच वकील नेमून हक्कांची बोलणी केली होती, आणि तिच्या भ्रमाला खतपाणी कुठून मिळालं हे त्यावरून कळतं. दुसऱ्या दिवशी सकाळी विषारी इंजेक्शन देऊन तिला मृत्युदंड दिला गेला. १९७६मध्ये अमेरिकेत मृत्युदंड पुन्हा वैध ठरल्यानंतरची ती दहावी स्त्री.

‘मॉन्स्टर’मधल्या भूमिकेसाठी थेरॉनला ऑस्कर मिळालं तो दिवस २९ फेब्रुवारी २००४. आयलीनचा वाढदिवस.

टर्नर यांच्या माहितीपटात जुन्या चित्रफितींचा भरणा आहे. त्यांत ‘डेटलाइन’चं साहित्य आहे, मृत्युदंडाची वाट पाहणाऱ्या आयलीनची १९९७ची मुलाखतही आहे. पाहताना प्रत्येक चित्रफीत कोणत्या वर्षाची, हे तपासत राहावं. १९९१ची आयलीन टायरियाला वाचवण्यासाठी बोलते, १९९२ची ज्यूरीसमोर, १९९७ची कोठडीतून, २००१ची मरण लवकर यावं म्हणून. हे तुकडे जोडून एकाच दृश्यात बसवले की ती नुसती खोटारडी दिसते. आणि मेलेल्या सात जणांपैकी मॅलरी सोडला तर कोणाच्याही वाट्याला मोजकेच क्षण येतात. सीम्सची बातमी अजून तिथेच आहे, जिथे १९९०च्या जुलैमध्ये होती : गाडी मिळाली, माणूस नाही.