ओसेनचा चहा, ओशीचा फोटो

टोकियोतल्या एखाद्या कॅफेत तासभर बसलं तर हे दृश्य सहज बघायला मिळतं. एकटीच आलेली बाई पार्फे मागवते. तो आला की चमच्याला हात लावण्याआधी पर्समधून एक मऊ कापडी पाकीट काढते आणि पाकिटातून तळहाताएवढी अ‍ॅक्रिलिकची आकृती. कुठल्यातरी गायकाची किंवा गायिकेची. आकृती ग्लासशेजारी उभी करायची, मागचा टिश्यूपेपर बाजूला सारायचा, चेहऱ्यावर दिव्याची तिरीप चमकत नाही ना ते वाकून बघायचं, दोनतीन फोटो काढायचे, आकृती पुसून परत पाकिटात ठेवायची. मग खायचं. तोवर आइस्क्रीम वितळू लागलेलं असतं. शेजारच्या टेबलावरचं कुणी मान वर करून बघतसुद्धा नाही.

या उद्योगाला ‘ओशीकात्सू’ म्हणतात. ‘ओशी’ म्हणजे आपला लाडका कलाकार आणि ‘कात्सू’ म्हणजे त्याच्यापायी केलेली सगळी खटपट. ‘ओशी’च्या मुळाशी ‘ओसू’ हे क्रियापद आहे: ढकलणं, पुढे करणं, शिफारस करणं. आवडणं नव्हे, पूजणंही नव्हे. आयडॉल-गटांच्या, म्हणजे गाणाऱ्या-नाचणाऱ्या तरुण मुलींच्या गटांच्या, चाहत्यांनी आपापल्या आवडत्या मुलीसाठी रूढ केलेला हा शब्द घराघरांत पोचला तो अलीकडे. २०२१च्या जानेवारीत उसामी रिन या एकवीस वर्षांच्या लेखिकेच्या कादंबरीला आकुतागावा हा मानाचा साहित्यपुरस्कार मिळाला आणि कादंबरीच्या नावातच ‘ओशी’ होता. त्याच वर्षी ‘ओशीकात्सू’ वर्षातल्या गाजलेल्या शब्दांच्या यादीत आला. मग लेख सुरू झाले: एकटेपणा, समाजमाध्यमं, नव्या पिढीचं नवं वेड वगैरे. शब्द नवा आहे हे खरं. वेड मात्र चांगलं अडीचशे वर्षांचं आहे.

जुना शब्द ‘हिइकी’. काबुकी या जुन्या जपानी नाट्यप्रकारातल्या नटाचा पक्का चाहता तो हिइकी. तो नटाला भेटी पाठवायचा, त्याची रंगीत छापील चित्रं विकत घ्यायचा आणि प्रयोग ऐन रंगात आला की मागच्या जागेवरून त्याच्या घराण्याचं नाव हाकारायचा. दानजूरो हा नट रंगमंचावर असेल तर ‘नारिताया!’ ही हाक कधी द्यायची याचं शास्त्र आहे. क्षणभर लवकर दिली तर संवादावर पडते, उशिरा दिली तर हसं होतं. आज आयडॉलच्या कार्यक्रमात दोन ओळींच्या मधल्या फटीत नेमकं नाव घुसवणारी मुलं हेच करतात. हिइकी हा शब्द चीनमधून आलाय. पाठीवर शिलालेखाची अवजड शिळा पेलणारं कासवासारखं एक पौराणिक जनावर आहे, त्याचं हे नाव. चाहत्याला भार वाहणारं जनावर म्हणणाऱ्या भाषेला चाहता पुरता कळला असावा. जपानीत म्हणही आहे, ‘हिइकी नो हिकिताओशी’: लाड करता करता लाडक्यालाच ओढून खाली पाडणं.

नट म्हटला की तो व्यावसायिक. साध्या मुलीची ‘ओशी’ झाल्याचं सगळ्यात रंजक जुनं उदाहरण ओसेनचं. १७६०च्या दशकाच्या शेवटी एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, यानाका भागातल्या कासामोरी इनारी देवस्थानाशी एक चहाचं दुकान होतं. तिथे ओसेन चहा द्यायची. ती देखणी होती, पण देखण्या मुली एदोत पुष्कळ होत्या. तिचं नशीब असं की त्याच काळात, १७६५च्या सुमारास, अनेक रंगांची लाकडी ठशांची छपाई साधली होती आणि त्या छपाईचा सर्वांत नावाजलेला चित्रकार सुझुकी हारुनोबू याला ओसेन भावली. त्याने तिची चित्रं काढली. मग ओसेनच्या चित्रांचे रुमाल निघाले, सोंगट्यांचे पट निघाले. लोक लांबून चालत यायचे, देवाला हात जोडायचे आणि चहा घ्यायचे. चहा निमित्त होता हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. पैसे टाकले की ती समोर येते, हातात पेला देते, दोन शब्द बोलते. ‘भेटता येणारी आयडॉल’ हे घोषवाक्य पुढे २००५मध्ये कुणीतरी शोधून काढलं म्हणतात, त्याला ओसेन मनातल्या मनात हसली असती.

१७७०च्या सुमारास ओसेन एकाएकी दिसेनाशी झाली. दुकानात तिचा म्हातारा बाप तेवढा बसलेला. त्यावर एदोकरांनी कोटी केली: ‘भारी चहाचं भांडं गेलं आणि किटली झाली.’ किटलीला जपानीत ‘याकान’ म्हणतात आणि तुळतुळीत टकलालाही. तिच्या गायब होण्याबद्दल नाना अफवा उठल्या. प्रत्यक्षात तिने शोगुनच्या, म्हणजे लष्करी शासकाच्या, पदरच्या एका माणसाशी लग्न करून संसार थाटला होता.

असं अचानक निघून जाणं या इतिहासात पुन्हा पुन्हा येतं. मेइजी काळात, १८८०-९०च्या दशकांत, शामिसेन या तंतुवाद्याच्या साथीवर कथागायन करणाऱ्या तरुण मुलींनी टोकियोतली विद्यार्थी मंडळी वेडी केली. हा ‘मुसुमे गिदायू’ प्रकार. गाणं करुण जागेवर आलं की विद्यार्थी एका सुरात ओरडायचे, ‘दो सुरू, दो सुरू!’ म्हणजे ‘आता काय करू, आता काय करू!’ त्यामुळे टोळक्यांचं नावच ‘दोसुरू-रेन’ पडलं. गाताना मान हलली आणि केसातला काटा निसटला तर तो उचलायला झोंबाझोंबी व्हायची म्हणतात. एका सभागृहातला कार्यक्रम आटपून गायिका माणसाने ओढायच्या रिक्षाने दुसरीकडे निघाली की पोरं रिक्षामागे धावायची. वर्तमानपत्रांनी आणि शाळामास्तरांनी तोंडसुख घेतलं, त्याचा काही उपयोग झाला नाही. या वेडात पुढे मोठे लेखक झालेले तरुणही होते, शिगा नाओया त्यातलाच. सर्वांत लोकप्रिय होती ताकेमोतो आयानोसुके. १८९८मध्ये ती लग्नासाठी निवृत्त झाली.

पुढचा टप्पा रेल्वेने घडवला. ओसाकाजवळच्या आपल्या लाइनच्या शेवटच्या स्थानकावर गर्दी यावी म्हणून कोबायाशी इचिझो या रेल्वेमालकाने ताकाराझुकाला मुलींचा गाणारा संच उभा केला. पहिला प्रयोग १९१४चा, तोही न चाललेल्या आतल्या पोहण्याच्या तलावाचं नाट्यगृह करून. इथला प्रेक्षक हळूहळू बायकांचा झाला आणि नाट्यगृहाच्या दाराशी ओळीत शांत उभं राहून आपल्या कलाकाराला पत्र देणाऱ्या बायका दिसू लागल्या. चित्रपट आले तसे नटनट्यांचे फोटो आले. असाकुसातल्या थिएटरांच्या वस्तीत १९२१मध्ये ‘मारुबेरुदो’ हे दुकान उघडलं. सिनेमा बघून बाहेर पडायचं आणि जाता जाता नायिकेचा ‘ब्रोमाइड’, म्हणजे छापील फोटो, घेऊन पाकिटात ठेवायचा. अ‍ॅक्रिलिकच्या आकृतीचा हा आजोबा.

‘आयडॉल’ हा शब्द मात्र परदेशी, आणि तोही सिनेमातूनच आला. सिल्वी वार्तान ज्यात गायली तो फ्रेंच चित्रपट १९६४मध्ये जपानात लागला आणि त्याच्या जपानी नावात ‘आयडोरू’ होता. शब्दाला देह मिळाला तो टीव्हीमुळे. १९७१मध्ये निप्पॉन टीव्हीवर ‘स्टार तान्जो!’ हा स्पर्धेचा कार्यक्रम सुरू झाला. मुलगी गाणं म्हणते; समोर कंपन्यांची माणसं बसलेली; जिला ती हवी ती कंपनी नावाची पाटी वर करते. एका मुलीचं नशीब फिरताना सारा देश दिवाणखान्यातून बघायचा. यातून मोरी मासाको, साकुरादा जुन्को आणि यामागुची मोमोए या तिघी शाळकरी मुली आल्या. गाणं पक्कं हवं ही अट तिथे ढिली झाली. मुलगी आपल्या डोळ्यांदेखत शिकते, चुकते, मोठी होते, हे बघण्यातच गंमत आहे हे टीव्हीवाल्यांच्या ध्यानात आलं. मला विचाराल तर जपानी आयडॉल आणि बाकी जगाचा पॉप स्टार यांच्या वाटा इथे फुटतात. मोमोए निवृत्त झाली १९८०च्या ऑक्टोबरात, एकविसाव्या वर्षी. टोकियोतल्या निप्पॉन बुदोकान या मोठ्या सभागृहात शेवटचं गाणं म्हणून तिने पांढरा माइक रंगमंचावर ठेवला आणि ती गेली. लग्न ठरलं होतं ते पडद्यावरच्या जोडीदाराशी, मिउरा तोमोकाझूशी.

चाहत्यांच्या बाजूने पाहिलं तर त्या दशकातली खरी गोष्ट ‘कँडीज’ची. रान, सू आणि मिकी या तिघींचा गट. १९७७च्या १७ जुलैला टोकियोतल्या हिबियाच्या उघड्या रंगमंचावर त्यांनी रडत रडत सांगून टाकलं की आम्हाला पुन्हा साध्या मुली व्हायचंय. कंपनीलाही हे अनपेक्षित होतं. चाहत्यांनी काय करावं? त्यांची देशभर संघटना होती, तिच्यात विद्यार्थ्यांचा भरणा. रडणं-भेकणं आटोपून ते कामाला लागले. कँडीजचं एकही गाणं तोवर विक्रीच्या यादीत पहिलं आलं नव्हतं. निरोपाचं गाणं पहिलं आणायचंच, असा चंग त्यांनी बांधला आणि आणलं. १९७८च्या ४ एप्रिलला कोराकुएन स्टेडियमवर ५० हजारांच्या आसपास लोकांसमोर शेवटचा कार्यक्रम झाला. त्या काळी गाण्याच्या ठरावीक जागी कागदी फितींची रिळं रंगमंचावर फेकायची पद्धत होती. ही रिळं दुकानातून आणून तशीच फेकत नसत. आतली पुठ्ठ्याची नळी आधी काढून टाकायची, नाहीतर ती गायिकेला लागेल. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री खोलीत बसून एकेका रिळातली नळी काढत बसलेला विद्यार्थी डोळ्यांसमोर आणला की ‘ओसू’ हे क्रियापद का, ते उमगतं.

सिनेमानेही ऐंशीच्या दशकात आयडॉलना हात दिला. कादोकावा कंपनीने याकुशिमारू हिरोको आणि हारादा तोमोयो या मुलींना घेऊन काढलेल्या चित्रपटांना तरुण पोरांची झुंबड उडायची. १९८३मध्ये ओबायाशी नोबुहिकोने तोमोयोला आपल्या जन्मगावी, ओनोमिचीच्या चढउतारांच्या गल्ल्यांत, उभं केलं आणि चाहते त्या गल्ल्या शोधत ओनोमिचीला जाऊ लागले. १९८५मध्ये संध्याकाळच्या कार्यक्रमातून शाळकरी मुलींचा मोठा घोळका घरात शिरला, त्यांची गाणी लिहिणारा आकिमोतो यासुशी. त्याचं नाव पुन्हा येईल. दशक संपता संपता टीव्हीवरचे गाण्यांचे मोठे कार्यक्रम बंद पडले आणि आयडॉलचा ‘हिवाळा’ सुरू झाला.

त्या हिवाळ्यात ‘स्मॅप’ या मुलग्यांच्या गटाने वेगळीच वाट काढली. १९९६च्या एप्रिलपासून फुजी टीव्हीवर दर सोमवारी रात्री ते चक्क स्वयंपाक करायचे. पाहुणा ऑर्डर देणार, गटातला नाकाई मालक म्हणून गप्पा मारणार, बाकीचे चौघे दोन जोड्यांत रांधणार, पाहुणा चाखून निकाल देणार. पाककृतींची पुस्तकं निघाली. घरोघरच्या ओट्यावर आयडॉलचा पदार्थ शिजू लागला. ओशीच्या वाढदिवसाला तो हजर नसताना घरी केक करून, मेणबत्ती लावून साजरा करणारे आज जे आहेत, त्यांच्या आवडीची एक मुळी इथे आहे असं मला वाटतं. २०१६च्या डिसेंबरात कार्यक्रम संपला, गटही विसर्जित झाला.

मुलींचा हिवाळा १९९७मध्ये सरला. एका टीव्ही-स्पर्धेत मागे पडलेल्या पाच जणींना अट घातली गेली: पाच दिवसांत ५० हजार सीडी स्वतः उभं राहून विका, तर पदार्पण. ओसाका, फुकुओका, साप्पोरो, नागोया. चौथ्याच दिवशी आकडा पुरा झाला. ही ‘मॉर्निंग मुसुमे’. विकत घेणाऱ्याला आपण त्यांना ढकलून दारातून आत घातलं, असं आयुष्यभर म्हणता येणार होतं.

आकिमोतोने यातून काढायचा तो धडा काढला. २००५च्या ८ डिसेंबरला आकिहाबारातल्या एका डिस्काउंट दुकानाच्या आठव्या मजल्यावर एकेबी४८ या मुलींच्या गटाचं थिएटर उघडलं. जागा २५०, रंगमंचासमोर नजर अडवणारे दोन खांब, आणि पहिल्या दिवशी तिकीट काढून आलेले सामान्य प्रेक्षक सात. चार वर्षांत चित्र पालटलं. सीडीत हस्तांदोलनाचं तिकीट. २००९पासून सीडीत मतपत्रिका. पुढच्या गाण्यात कोण पुढे उभी राहणार हे मतांवर ठरणार. एकच सीडी पन्नास-शंभर घेणारे निघाले, मतपत्रिका काढून घेतलेल्या सीडींचं करायचं काय हा प्रश्न निघाला. कँडीजच्या चाहत्यांनी एकदा मनाने केलेलं काम इथे दरसाल हप्त्याने वसूल व्हायला लागलं. हे मला कधी पटलं नाही, पण रांगेत उभ्या असलेल्यांना फसवलं जातंय असं वाटत नव्हतं, हेही सांगायला हवं.

लाडक्याला खाली ओढण्याची म्हण खरी ठरल्याचे प्रसंगही आले. २०१४च्या मे महिन्यात इवाते प्रांतात एकेबीच्या हस्तांदोलनाच्या कार्यक्रमात एकाने करवतीने हल्ला केला. दोन मुली आणि एक कर्मचारी जखमी झाले. त्यानंतर धातुशोधक यंत्रं आणि बॅगांची झडती आली. मुलग्यांच्या बाजूला प्रकरण याहून काळं होतं. स्मॅपसारखे मुलग्यांचे गट चालवणाऱ्या कंपनीच्या जॉनी किटागावा या सर्वशक्तिमान संस्थापकाने मुलांचं लैंगिक शोषण केल्याच्या वृत्ताचा मुख्य भाग खरा असल्याचं टोकियोच्या उच्च न्यायालयाने २००३मध्येच म्हटलं होतं. टीव्हीवाल्यांनी आणि वर्तमानपत्रांनी त्याकडे काणाडोळा केला. तो २०१९मध्ये वारला आणि कंपनीने जाहीर कबुली दिली ती २०२३मध्ये. ज्यांनी वर्षानुवर्षं प्रेमाने पैसे ओतले, त्यांच्यातल्या कित्येकांना आपण नेमकं काय ढकलत होतो, हा प्रश्न तेव्हा पडला.

दरम्यान २०२०च्या साथीत हस्तांदोलन बंद झालं. त्याची जागा फोनच्या पडद्यावर काही सेकंदांच्या बोलण्याने घेतली. कार्यक्रम परत सुरू झाले तेव्हा ओरडायला मनाई होती. हजारो माणसं तोंडाला मास्क लावून बसायची, रंगीत दिवे हलवायची, टाळ्या वाजवायची. दोन ओळींच्या मधली फट रिकामीच जायची. २०२३च्या जानेवारीअखेरीस सरकारने आवाज देण्यावरचं बंधन सैल केलं. साथीच्या काळात पदार्पण केलेल्या कित्येक मुलींनी समोरच्या अंधारातून आपलं नाव हाकारलेलं ऐकलं, ते त्यानंतर, पहिल्यांदाच.